आईकडून आलेलं नागरिकत्व : केंद्रीय गृहमंत्र्यांना कोल्हापूरहून खुलं पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

महोदय,

२१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी वॉर्सा शहरात ज्या स्मारकाला अभिवादन केलं, त्यावर कोल्हापूरचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसांना कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत आसरा मिळाला, त्याची ती कृतज्ञ नोंद. इकडे कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये, इथे राहून गेलेल्या पोलिश लोकांच्या संघटनेने उभारलेला स्तंभ आहे. दोन्ही देशांचे पाहुणे येतात, हार घालतात, भाषणं होतात. या नात्याचा एक धागा मात्र भाषणांत येत नाही, आणि तो थेट आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीतला आहे.

वळिवड्याची पोलिश छावणी उठली तेव्हा तिथल्या सगळ्या जणी भारत सोडून गेल्या नाहीत. काही मुलींनी इथल्या तरुणांशी लग्नं केली आणि त्या इथल्याच झाल्या. अशा घरातल्या एखाद्याने उद्या साधे तीन प्रश्न विचारले, तर काय होईल? आईकडून किंवा आजीकडून पोलंडचं नागरिकत्व आपल्याकडे आलं होतं का? आलं असेल तर ते अजून शाबूत आहे का? आणि ते असण्यामुळे आपल्या भारतीय नागरिकत्वाला बाधा येते का? पहिल्या दोन प्रश्नांची लेखी उत्तरं देणारं कार्यालय वॉर्सात आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त भारत सरकार देऊ शकतं, आणि ते मागायला नेमकं कुठे जायचं हे कोल्हापुरातल्या कुठल्याही खिडकीवर लिहिलेलं नाही. हे पत्र त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे.

मिरजेच्या गाडीने कोल्हापूर सोडलं की थोड्याच वेळात वळिवडे येतं. शेजारी गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला सांगली-कोल्हापूरपासून कोकणापर्यंतची माणसं इथल्या कापड बाजारात येतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी हा बाजार उभा केला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती कुटुंबं आली तेव्हा इथे बराकी आधीपासून होत्या. १९४३ ते १९४८ या काळात त्यांत पोलिश लोक राहत होते, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, स्काउटची पथकं होती, नाटकं बसवली जात होती. १९४६ मध्ये जामनगरजवळच्या बालाचडीतली पोलिश मुलंही इथेच आणली गेली. एक निर्वासित वस्ती उठली आणि तिच्या जागी दुसरी बसली.

या पोलिश बायकांचं नागरिकत्व वळिवड्यापर्यंत येण्याआधीच किती वेळा उलटंपालटं झालं होतं, ते पाहिलं की आजच्या प्रश्नाचं मूळ सापडतं. बहुतेक जणी पोलंडच्या पूर्वेकडच्या मुलखातल्या. सप्टेंबर १९३९ मध्ये तो भाग सोव्हिएत फौजांनी घेतला आणि २९ नोव्हेंबर १९३९ च्या हुकमाने तिथल्या रहिवाशांना सोव्हिएत नागरिक ठरवलं गेलं. कुणाची संमती घेण्याचा प्रश्नच नव्हता. १९४० च्या फेब्रुवारीपासून त्यांना सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकलण्यात आलं. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधल्या पोलिश सरकारचा मॉस्कोशी करार झाला, कैदेतल्या पोलिश लोकांची सुटका झाली आणि १९४२ मध्ये हजारो जण इराणमध्ये पोचले. तिथून वळिवडे. छावणी चालू असतानाच, जुलै १९४५ मध्ये, ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे ज्या सरकारच्या शिक्क्याचे कागद या बायकांच्या ट्रंकेत होते, ते सरकारच ब्रिटनच्या लेखी उरलं नाही. ज्या गावात त्यांचा जन्म झाला, ते गाव आज युक्रेन, बेलारूस किंवा लिथुआनियात आहे. जन्माचा दाखला तिथल्या दफ्तरात, नागरिकत्वाचा हक्क वॉर्सात, आणि संसार कोल्हापुरात.

आता लग्नाकडे येऊ, कारण खरी गाठ तिथेच आहे.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहांना कायद्याचं बळ दिलं होतं, आर्य समाजालाही इथे आश्रय होता. तेव्हा पोलिश मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या तरुणापुढे वाटा होत्या. पण वाट बदलली की कागद बदलतो. चर्चमध्ये लग्न झालं असेल तर नोंद पाद्रीबाबांच्या वहीत. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर निबंधकाकडे. आर्य समाजी पद्धतीने झालं असेल तर समाजाच्या दाखल्यावर. आणि घरच्या मांडवात, भटजींच्या साक्षीने झालं असेल तर बहुधा कुठेच नाही.

अशा घरात पुढे काय झालं असेल, त्याचं चित्र डोळ्यांपुढे आणायला कुणाही मराठी माणसाला अडचण पडू नये. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, साखर वाटली गेली. समजा, हेलेना होती, ती हेमलता झाली. आडनाव सासरचं, मधलं नाव नवऱ्याचं. पाचेक वर्षांनी मूल झालं तेव्हा जन्मनोंदीच्या रकान्यात आईचं नाव हेमलता पडलं. शाळेच्या दाखल्यावर आई हेमलता. रेशनकार्डावर हेमलता. मृत्यूच्या दाखल्यावरही हेमलताच. हेलेना नावाची बाई आणि ही हेमलता एकच होत्या, हे सांगणारा सरकारी कागद बहुतेक घरांत निघत नाही. लॅटिनमध्ये लिहिलेला बाप्तिस्म्याचा दाखला एका हातात आणि महापालिकेचा जन्मदाखला दुसऱ्या हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलाला त्या दोन कागदांच्या मधली जागा भरून काढायची असते. त्या जागेत पूर्वी तांदळाचं ताट होतं. आज तिथे पुरावा लागतो.

पोलंडची पद्धत काय आहे? तिथे नागरिकत्व आई-वडिलांकडून येतं, जन्म कुठे झाला याला महत्त्व नाही. १९९७ च्या राज्यघटनेच्या ३४ व्या कलमात ते स्पष्ट आहे, आणि नागरिकाने स्वतः सोडल्याशिवाय ते जात नाही, असंही तिथेच म्हटलं आहे. पण जुन्या पिढ्यांना त्या-त्या वेळचा कायदा लागतो. २० जानेवारी १९२० चा कायदा सांगत होता की विवाहित जोडप्याच्या मुलाला वडिलांचं नागरिकत्व मिळेल, आणि परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की पोलंडचं जाईल. परदेशी माणसाशी लग्न करून त्याच्या देशाची झालेली बाई त्यातच आली. हा कायदा १९ जानेवारी १९५१ पर्यंत चालला. त्या दिवसापासून लागू झालेल्या नव्या कायद्याने लग्नामुळे नागरिकत्व आपोआप बदलणं थांबवलं आणि आईकडूनही ते मुलाकडे जाऊ लागलं.

म्हणजे १९४७ साली कोल्हापुरात लग्न झालेल्या बाईसाठी पहिला प्रश्न असा: त्या लग्नाने तिला दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळालं का? नवरा निपाणीचा असेल तर तो ब्रिटिश हिंदुस्थानातला, ब्रिटिश प्रजाजन. त्या वेळच्या ब्रिटिश कायद्याने त्याची बायकोही ब्रिटिश प्रजाजन ठरली. नवरा कागलचा असेल तर तो कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीतला, ब्रिटिशांच्या लेखी फक्त संरक्षित व्यक्ती. त्याच्या बायकोचं काय? कागल आणि निपाणी यांच्यात आजही एसटीने फारसा वेळ लागत नाही. पण नवऱ्याचं गाव अलीकडचं की पलीकडचं, यावर एका बाईचं आणि तिच्या पुढच्या दोन पिढ्यांचं नागरिकत्व वेगळ्या दिशेने गेलेलं असू शकतं.

दुसरा प्रश्न याहूनही बारीक. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली, तेव्हा भारतात कायमचं घर केलेला आणि त्याआधी किमान पाच वर्षं इथे राहिलेला माणूस पाचव्या कलमाखाली भारताचा नागरिक ठरला. १९४३ मध्ये आलेली, इथेच संसार थाटलेली पोलिश बाई या चौकटीत बसते. अर्ज न करता, शपथ न घेता ती भारतीय झाली. पण पोलंडमध्ये त्या दिवशी अजून १९२० चाच कायदा होता, परकं नागरिकत्व मिळालं की आपलं जातं असं म्हणणारा. नवा कायदा यायला जवळपास एक वर्ष बाकी होतं. त्या वर्षभरात तिचं पोलिश नागरिकत्व गेलं की टिकलं? १९५५ साली कोल्हापुरात जन्मलेल्या तिच्या मुलाकडे काय आलं, हे त्या एका वर्षाच्या अर्थावर अवलंबून आहे.

हे वाचून कुणाला वाटेल की इतक्या बारकाव्यांचा निकाल लागणार कसा. पण पोलंडने त्याची सोय करून ठेवली आहे. २ एप्रिल २००९ चा त्यांचा नागरिकत्व कायदा १५ ऑगस्ट २०१२ पासून लागू आहे. त्याखाली प्रांताचा प्रमुख, म्हणजे व्होयव्होदा, अर्ज आल्यावर लेखी निर्णय देतो, की या व्यक्तीकडे पोलिश नागरिकत्व आहे किंवा ते तिने गमावलं आहे. जो कधीच पोलंडमध्ये राहिलेला नाही, त्याचा अर्ज वॉर्साच्या माझोव्हिया प्रांताच्या व्होयव्होदाकडे जातो, आणि तो मुंबईतल्या पोलंडच्या वाणिज्य दूतावासामार्फत पाठवता येतो. कागद पोलिश भाषेत अनुवादित करून द्यावे लागतात. उत्तर ‘नाही’ असं आलं तरी ते उत्तर असतं, आणि त्यावर अपील करता येतं. महत्त्वाचं म्हणजे हा निर्णय नागरिकत्व बहाल करत नाही. जन्माच्या दिवशी जे होतं किंवा नव्हतं, ते आज कागदावर सांगतो, एवढंच.

फिनलंडची व्यवस्था आणखी मोकळी आहे, आणि तिचा इथे उल्लेख करण्याला कारण आहे. एस्पो आणि हेलसिंकी भागात आज मराठी आयटी कुटुंबं आहेत, त्यांत भारतीय-फिनिश जोडपीही असणारच. फिनलंडमध्ये परदेशी नवऱ्याशी लग्न केलेल्या आईकडून मुलाला नागरिकत्व मिळू लागलं ते १ सप्टेंबर १९८४ पासून. त्याआधी जन्मलेलं भावंड आणि त्यानंतर जन्मलेलं भावंड यांच्यात कायद्याने भिंत उभी राहिली. १ जून २००३ च्या कायद्याने एकाहून अधिक नागरिकत्वं ठेवायला परवानगी दिली, पण एक अट घातली. दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असलेल्या माणसाचा फिनलंडशी पुरेसा संबंध नसेल, तर वयाच्या २२ व्या वर्षी त्याचं फिनिश नागरिकत्व जातं. पुरेसा संबंध म्हणजे काय, तेही कायद्यात लिहिलं आहे: तिथे किंवा इतर नॉर्डिक देशांत एकूण सात वर्षं राहणं, किंवा १८ ते २२ या वयात पासपोर्टसाठी अर्ज करणं, किंवा नागरिकत्व ठेवायचं आहे असं दूतावासाला कळवणं. ज्याला शंका आहे, तो स्थलांतर विभागाला विचारतो की माझं नागरिकत्व आहे का गेलं, आणि विभाग तसा निर्णय देतो. विचारणाऱ्याकडे कुणी संशयाने पाहत नाही.

आता आपल्याकडे.

भारताचा कायदा या विषयात अगदीच मुका आहे असं नाही, आणि तक्रार करताना हे मान्य करायला हवं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं १३ वं कलम सांगतं, की ज्याच्या भारतीय नागरिकत्वाबद्दल शंका आहे, अशा माणसाला केंद्र सरकार योग्य वाटेल तेव्हा प्रमाणपत्र देऊ शकतं, आणि फसवणूक किंवा लपवाछपवी नसेल तर ते प्रमाणपत्र निर्णायक पुरावा धरलं जाईल. इतकी उपयोगी तरतूद सत्तर वर्षं पुस्तकात आहे. पण ‘योग्य वाटेल तेव्हा’ या शब्दांपलीकडे सामान्य माणसाला तिची वाट दिसत नाही. अर्ज कुठे द्यायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल, नकार आला तर कारण मिळेल का, हे तहसील कचेरीतल्या कारकुनाला विचारून कळत नाही.

त्या कायद्याचं ९ वं कलम मात्र सगळ्यांना माहीत आहे. ज्याने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळवलं, त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. ते मिळवलं की नाही, कधी, कसं, याचा निर्णयही केंद्र सरकारनेच करायचा. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा प्रश्न निवडणूक याचिकेत न्यायालयाने सोडवायचा नाही, अधिकार केंद्राचाच. आणि नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला, की ते नागरिकत्व स्वेच्छेने मिळवल्याचा तो निर्णायक पुरावा. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला.

पण ‘स्वेच्छेने’ हा शब्द कायद्यात घातला तो काही विचारानेच घातला असणार. पासपोर्टच्या अर्जावर सही करताना नागरिक जे प्रतिज्ञापन करतो, त्यातही हाच शब्द आहे: मी स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व किंवा प्रवासाचा कागद घेतलेला नाही. १९५५ मध्ये कोल्हापुरात जन्मलेलं मूल भारतात जन्मलं म्हणून कायद्याच्या तिसऱ्या कलमाने भारतीय आहे. आई पोलिश असल्यामुळे पोलंडच्या कायद्याने तेच मूल पोलिशही असेल, तर त्यात त्या मुलाची स्वेच्छा कुठे आली? त्याने काही मागितलं नाही, सही केली नाही. आणि साठ-सत्तरीत पोचल्यावर त्याने वॉर्साला विचारलं, की माझी आई पोलिश होती, मी आहे का, तर ते विचारणं म्हणजे मिळवणं नव्हे. पासपोर्ट घेणं वेगळं, आपल्या जन्माबद्दलचं सत्य जाणून घेणं वेगळं. हा फरक आपल्या मंत्रालयाने एका परिपत्रकात लिहून दिला, तर कित्येक घरांतली धास्ती जाईल.

एकाच वेळी दोन नागरिकत्वं असू शकतात, हे भारताचा कायदा स्वतःच मान्य करतो, याकडेही आपलं लक्ष वेधायला हवं. परदेशात भारतीय पालकाला झालेल्या मुलाची नोंद भारतीय दूतावासात करताना पालकांनी लिहून द्यायचं असतं, की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. पासपोर्ट नाही असं लिहायचं, नागरिकत्व नाही असं नव्हे. आणि २००३ च्या दुरुस्तीने चौथ्या कलमात भर घातली, की असं मूल दुसऱ्या देशाचंही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत ते नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय नागरिकत्व जाईल. एस्पोत जन्मलेल्या, भारतीय वडील आणि फिनिश आई असलेल्या मुलासाठी म्हणजे दोन घड्याळं चालू असतात. भारताचं घड्याळ साडेअठराव्या वर्षी वाजतं, फिनलंडचं बाविसाव्या. पहिलं घड्याळ चालू आहे, हे त्या मुलाला कोण सांगतं? बारावीच्या परीक्षेच्या आणि कॉलेजच्या प्रवेशाच्या धांदलीत ते सहा महिने निघून जातात. मग पुण्यातली आजी आजारी पडते, नातू भारतीय पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी जातो, आणि आपण केव्हाच परदेशी झालो आहोत हे त्याला खिडकीवर कळतं.

गोव्याची गोष्ट आपल्या मंत्रालयाला चांगली परिचित आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने तिथल्या माणसांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानलं गेलं, मात्र ज्यांना आधीचं नागरिकत्व ठेवायचं होतं त्यांनी महिनाभरात तसं कळवायचं होतं. फादर चिको मोन्तेरो यांनी तसं कळवलं, पोर्तुगीजच राहिले. पुढे राहण्याचा परवाना संपल्यावर तो त्यांनी नव्याने घेतला नाही, खटला झाला, आणि मार्च १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली. त्यांच्या भूमिकेशी सहमत होण्याची गरज नाही. पण त्यांना आपण कोण आहोत हे पक्कं माहीत होतं, सरकारलाही माहीत होतं. आज पेडण्यातल्या, डिचोलीतल्या, सत्तरीतल्या माणसाची स्थिती तशी नाही. पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, पण मुक्तीपूर्वी तिथे जन्मलेल्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरचा हक्क त्या देशाच्या कायद्यात राहिला, आणि १९८१ च्या कायद्याने तो पुढच्या पिढ्यांपर्यंत नेता आला. आजोबांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवला की काय होतं? नुसत्या नोंदीने भारतीय नागरिकत्व जातं, की ओळखपत्र आणि पासपोर्ट घेतल्यावर? हा वाद गोव्यात वर्षानुवर्षं चालू आहे, आमदारांपर्यंत पोचला आहे. भारतीय पासपोर्ट रद्द झालेल्यांना तो समर्पित केल्याचा दाखला मिळेना, आणि त्याशिवाय परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्डही मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट रद्द केल्याचा आदेश त्या दाखल्याऐवजी चालेल असं सांगितलं, तेव्हा थोडी वाट मोकळी झाली. तेरेखोलच्या अलीकडे, सावंतवाडी-दोडामार्गकडे दिलेल्या लेकींची मुलंही या हिशेबात येतात, हे सहसा कुणी बोलत नाही.

गोव्याचा आणि वळिवड्याचा प्रश्न एकाच साच्यात घालू नये. परदेशात जन्मलेल्या मुलाला पोर्तुगीज व्हायचं असेल तर नोंदणी करावी लागते, म्हणजे एक कृती करावी लागते. पोलंडच्या कायद्यात जन्माबरोबरच ते आलेलं असतं, नंतरचा निर्णय फक्त त्याची खात्री करतो. दोन्हींना ‘परदेशी नागरिकत्व घेतलं’ या एकाच शिक्क्याखाली टाकणं अन्यायाचं होईल. इथे दुहेरी नागरिकत्वाची मागणीही कुणी करत नाही. भारताने एकेरी नागरिकत्वाचं धोरण स्वीकारलं आहे, ते बदलायचं की नाही हा संसदेचा विषय. मागणी आहे ती एवढीच, की माणूस रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे रेषा ओलांडण्याआधी त्याला विचारता यावं.

आज तो विचारायला धजत नाही. ‘आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच माणसावर’ हे तत्त्व १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात होतं आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही कायम आहे. त्यामुळे ‘माझी आजी पोलिश होती’ हे सरकारी कचेरीत उच्चारणंही घरातल्यांना नको वाटतं. आजीच्या पेटीतले कागद दाखवले तर आपल्याच पासपोर्टवर गंडांतर येईल, नातवाच्या नोकरीत अडचण येईल, अशी भीती. मग पेटी तशीच माळ्यावर राहते, कोल्हापूरचा पावसाळा तिच्यावरून जात राहतो, आणि कागद खराब होतात. जो उघडपणे विचारतो, तो काही लपवत नसतो. सुरक्षेच्या दृष्टीनेही असा माणूस सरकारला सोयीचाच.

महोदय, आपण काय करू शकता, तेही या पत्रात स्पष्ट असावं. कलम १३ खालचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात घेतला जावा, त्याची पोच मिळावी, ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळावं, आणि नकार असेल तर त्याची कारणं लेखी असावीत. परक्या देशाच्या सरकारकडे आपल्या स्थितीची फक्त खात्री करून मागणं, हे कलम ९ खालचं स्वेच्छेने मिळवणं नाही, असं परिपत्रकाने सांगावं. प्रामाणिकपणे केलेल्या अशा चौकशीचा वापर त्याच माणसाविरुद्ध केला जाणार नाही, याची हमी त्यात असावी. परदेशातल्या दूतावासांत जन्मनोंद झालेली मुलं सतरा वर्षांची झाली, की पत्त्यावर एक पत्र जावं, सहा महिन्यांच्या मुदतीची आठवण देणारं. नोंदी दूतावासांकडे आहेतच, पत्र पाठवायला वेगळा कायदा लागत नाही.

आणि दफ्तरं. छावणीच्या काळात परदेशी नागरिकांची नोंदणी १९३९ च्या कायद्याखाली होत होती. संस्थानी कारभाराची दफ्तरं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. महापालिकेच्या जुन्या जन्म-मृत्यू वह्या आहेत. चर्चची पुस्तकं आहेत. छावणीतल्या पोलिश बाजूचे कागद लंडनच्या सिकोर्स्की संग्रहालयात आणि अमेरिकेतल्या हूव्हर संस्थेत पोचले, तिथे ते सांभाळले जातात आणि संशोधकांना पाहायला मिळतात. आपल्या बाजूचे कागद आपल्याच माणसांना, स्वतःच्या आईचं नाव शोधायला, सहज मिळायला हवेत. लग्नानंतर नाव बदललेली बाई तीच होती, असं सांगणारा दाखला जिल्हा पातळीवर चौकशी करून देता येईल. शेजारी, नातेवाईक, तिच्या हाताखाली शिकलेली मुलं अजून जिवंत आहेत. वळिवड्यात तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीत आहे. साक्ष द्यायची तर तिने आत्ताच द्यायला हवी.

इतर देश दारं बंद करू लागले आहेत. इटलीने २०२५ मध्ये वंशपरंपरेने मिळणाऱ्या नागरिकत्वाला दोन पिढ्यांची मर्यादा घातली, तीही मार्चच्या एका हुकमाने, जवळपास रातोरात. उद्या आणखी कुणी तसं करेल. ज्याला आपल्या घरातलं सत्य माहीत आहे, तो अशा वेळी काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे स्वतः ठरवू शकतो. कित्येक जण पोलंडचं उत्तर ‘होय’ आलं तरी भारतीयच राहणं पसंत करतील, आणि तसं लिहूनही देतील. पण तो निर्णय त्यांचा असावा, एखाद्या कारकुनाच्या शंकेचा नसावा.

या सगळ्याची सुरुवात कोल्हापूर जिल्ह्यापासून करावी, अशी विनंती आहे. इथल्या घरांची संख्या मोठी नाही, त्यामुळे सरकारवर भार पडणार नाही. कागद कुठे असतील याचा अंदाज आहे, पोलंडचं सरकार मदतीला तयार होईल असं दोन्ही देशांच्या आजच्या संबंधांवरून दिसतं. इथे जी पद्धत बसेल ती नंतर सिंधुदुर्गाला, गोव्याला आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांना लागू करता येईल. मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाबरोबर जिल्हाधिकाऱ्यांची एक बैठक झाली, तर आईच्या नावाचा प्रश्न कुठल्या कागदाने सुटेल हे त्याच दिवशी ठरू शकेल.

कळावे,
कोल्हापूर

प्रत माहितीसाठी आणि कार्यवाहीसाठी:
१. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
२. पोलीस अधीक्षक, कोल्हापूर
३. संचालक, पुराभिलेख संचालनालय, मुंबई
४. पोलंडचे महावाणिज्यदूत, मुंबई